डावी ओळ

जबलपूर, ८ ऑगस्ट १९४३

चि. रत्नाकर यास अंजनीमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी पोती पोचली. स्टेशनावर फौजेच्या खोक्यांखाली दबून पडली होती. गाडीवाल्याने मालबाबूशी हुज्जत घालून काढली. एक कोपऱ्याला फाटलं होतं, ते मी सुतळीने शिवून घेतलं. पांढरी पूड आहे, गाळलेल्या राखेसारखी.

तू जाताना सांगितलंस ते मी माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर कळव. आमच्या कारखान्याच्या क्वार्टरांमागच्या माळावरचं गवत तू कापून, वाळवून, तोलून पाहिलंस आणि म्हणालास की गवत पोटभर आहे, पण हाडाला लागणारं सत्त्व त्यात नाही. म्हणून गाई लंगडतात, माजावर येत नाहीत, आणि मेल्या ढोरांची हाडं शोधून चघळत बसतात. मग सरकारने ऐन कामातून तुला उचललं आणि नागपूरला फौजेच्या खेचरांच्या चाऱ्यावर बसवलं. तुझं काम माझ्या अंगणात आलं. ढोरकी संध्याकाळी कळप आणतो तेव्हा क्वार्टरांतल्या सगळ्या गाई माझ्याकडे दोन ओळींनी बांधायच्या, सगळ्यांना कोंडा द्यायचा, आणि उजव्या ओळीच्या कोंड्यात एकेक मूठ पूड घालायची. बरोबर?

पूड भाजलेल्या हाडांची आहे हे तू माझ्यापासून लपवलं नाहीस, बरं केलंस. मन खात होतं. मग म्हटलं, आगीतून जे निघालं त्याला विटाळ कसला, भस्म तर आपण कपाळाला लावतो. पण शेजारणींना मी 'डोंगरी खार' असं सांगितलंय. खरं सांगितलं तर उद्या एकही गाय माझ्या दारी येणार नाही.

कोणती गाय कोणत्या ओळीत, ते तू चिठ्ठ्या टाकून ठरवलंस. माझी नर्मदा उजवीकडे निघाली, शेजारच्या शकुची तांबू डावीकडे. शकुचा नवरा फौजेच्या लोहारकामावर गेलाय, चार महिने खबर नाही. ती बिचारी चिठ्ठीकडे बघत राहिली.

माझ्या खानावळीत कारखान्याच्या दोन्ही पाळ्यांची पंगत उठून राहिली आहे. भोंगा आता थांबतच नाही. काल नर्मदेने मुरलीधर फिटरची वहाण चघळून टाकली. तो म्हणे, "मावशी, वहाणेचे पैसे नका देऊ, फक्त उद्याच्या भाजीत ती दुसरी घालू नका." हसले, पण मनात चर्र झालं. छावणीचा ठेकेदार लंगड्या, भाकड गाई घेत दारोदार फिरतोय. गाडीत घालून कुठे नेतो ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी विचारत नाही.

तुझी,
अंजनीमावशी

---

नागपूर, २१ ऑगस्ट १९४३

ती. गं. भा. मावशीस रत्नाकरचा शि. सा. नमस्कार.

तुझ्या पत्राने हायसं वाटलं. तू लिहिलंस ते अगदी बरोबर आहे.

थोडं अधिक सांगतो. आपल्या माळावर मारवेल आणि पवन्या गवत हिरवं आहे तोवर गाई वरून बऱ्या दिसतात. दसऱ्यानंतर कुसळी गवत वाळून काडी होते आणि त्या काडीत स्फुरद, म्हणजे तू म्हणतेस ते हाडाचं सत्त्व, जवळजवळ नसतं. जमिनीतच नाही, तर गवतात कुठून येणार? तो माळ मी तीन भागांत वाटून पाळीपाळीने चारायला लावला, त्याने गवत वाढलं, पण गाईंची हाडं सुधारली नाहीत. भरीला हाडांची पूड द्यावी लागेल, हा माझा दावा.

इथल्या साहेबांना तो पटत नाही. हाडं सध्या फार दुर्मीळ झाली आहेत. सरस, खत, सगळीकडे लढाईसाठी त्यांची ओढ आहे. 'गाईंना खाऊ घालायला हाडं कुठून आणू? आधी फरक दाखवा,' असं ते म्हणतात. मोठ्या मिनतवारीने एवढी पोती मिळाली आहेत. ती जपून वापर. डाव्या ओळीला पूड द्यायची नाही, हे कृपा करून विसरू नकोस.

फरक दिसला तर मझौली, शहपुरा, सगळ्या तहसिलींना पूड मिळेल. तिथे गाई तुझ्याकडच्यांहून वाईट आहेत, मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. नाही दिसला तर गवताचं काम कायमचं बंद. साहेबांनी तसं तोंडावर सांगितलं आहे.

दर महिन्याला सुतळीने प्रत्येक गाईच्या छातीचा घेर मोजून गाठ मार आणि त्या सुतळ्या पाठव, दोन ओळींच्या दोन जुड्या करून. दुधाचं माप तुझ्या अंदाजाने चालेल, तुझा अंदाज तराजूपेक्षा बरा.

तुझा,
रत्नाकर

---

जबलपूर, ११ नोव्हेंबर १९४३

चि. रत्नाकर यास आशीर्वाद.

दिवाळी झाली. तेलाची बोंब, म्हणून चकली मोजकीच केली. तुला पाठवायची होती, पण पार्सलबाबू म्हणतो फौजेचं सामान आधी, चकली मागाहून. म्हणून मुरलीधरने तुझ्या नावाने खाल्ली.

सुतळ्यांच्या जुड्या तुला दर महिन्याला मिळत असतील. गाईंचं काय सांगू, नर्मदा आता लंगडत नाही. हाडाकडे ढुंकून पाहत नाही. शकुची तांबू माजावर आली, ती तर सगळ्यांनी भाकड म्हणून सोडली होती. शकु माझ्या पाया पडायला आली, मी म्हटलं, "माझ्या काहून पडतेस, रत्नाकरच्या पड." संध्याकाळी अंगणात सगळ्याजणी एका सुरात कोंडा खातात तेव्हा लग्नाची पंगत बसल्यागत वाटतं.

ठेकेदाराचा माणूस परवा फाटकापाशी आला होता. दोन्ही ओळी पाहिल्या आणि म्हणाला, "यहाँ तो अपना काम नहीं है." मी म्हटलं, "चलो, आगे देखो."

पोती मात्र लवकर संपून राहिली आहेत. जमलं तर एखादं आणखी पाठव. शेवटल्या पोत्यातली मूठ मी जरा लहान केली आहे, पण खंड नाही पाडला.

तुझी,
अंजनीमावशी

---

नागपूर, ९ डिसेंबर १९४३

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आनंदाचं होतं, पण मला तुला वाईट कळवायचं आहे.

सुतळ्या मी मेजावर मांडून मोजल्या. उजव्या ओळीचा घेर वाढला आहे. डाव्या ओळीचाही तेवढाच वाढला आहे. दूध दोन्हीकडे सारखं, माजावर येणं सारखं. साहेबांसमोर कागद ठेवला तर ते हसले. 'यंदा पाऊस चांगला झाला, गवत चांगलं आलं, म्हणून गाई सुधारल्या. तुमच्या पुडीने काय केलं?' पूड खाल्लेली आणि न खाल्लेली गाय जर सारखीच सुधारते, तर पूड म्हणजे नुसती राख.

मार्चमध्ये साहेब मध्य प्रांताच्या दौऱ्यावर जबलपूरला येतील, तेव्हा शेवटचा निर्णय देतील. पण माझा धीर सुटला आहे. इतकी वर्षं मी गवताचं पृथक्करण करून जे मांडलं ते मुळातच चुकीचं असेल का?

तू लिहिलंस पोती लवकर संपली. ओल लागली का? उंदरांनी नासली? नीट आठवून लिही. कुठेतरी काहीतरी चुकलं आहे.

तुझा,
रत्नाकर

---

जबलपूर, १७ डिसेंबर १९४३

चि. रत्नाकर यास आशीर्वाद.

अरे, तू एवढं मनाला लावून काहून घेतोस? तुझं काहीच चुकलं नाही. दोन्ही ओळी सारख्या सुधारल्या, कारण दोघींना सारखंच वाढलं. न सुधारायला काय झालं?

पहिले आठ दिवस मी तुझ्या म्हणण्याप्रमाणे उजवीकडेच दिली. डावीकडच्या माना लांबवून बघायच्या. शकु खांबाला टेकून उभी राहायची. मग माझ्याने राहवेना. माझ्या दारात आजवर पंक्तिप्रपंच झाला नाही. फोरमन आणि हमाल एका ओळीत जेवतात आणि तूप दोघांना एकाच पळीने पडतं. एकीच्या पानात वाढायचं आणि शेजारणीला नुसता वास, हे माणसाला करत नाही तर गाईला कसं करायचं? तू लिहिलंस हाडं मिळत नाहीत, जपून वापर. मी समजले, रॉकेलसारखी टंचाई आहे म्हणून तू अर्ध्याच गाईंना दे म्हणतोस. म्हटलं, पुढे मूठ लहान करावी लागली तरी चालेल, पण सगळ्यांना पुरवू. म्हणून पोती संपली. ओल नाही, उंदीर नाहीत.

तेव्हा साहेबाला सांग, पुडीनेच सुधारल्या. विश्वास नसेल तर त्याने येऊन माझ्याकडे जेवावं आणि पाहावं.

तुझी,
अंजनीमावशी

---

नागपूर, २३ डिसेंबर १९४३

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी जे लिहिलं होतं ते फाडून टाकलं. ते तुला पाठवण्याजोगं नव्हतं.

डावी ओळ उपाशी ठेवायची म्हणून ठेवली नव्हती. ती माझी साक्ष होती. पाऊस दोघींवर सारखा, गवत सारखं, कोंडा सारखा, हात तुझाच. फक्त पूड वेगळी. मग जो फरक पडेल तो पुडीचा, दुसऱ्या कशाचा नाही. आता मी साहेबांना काय सांगू? की माझ्या मावशीने दया केली?

हे मी तुला आधीच उलगडून सांगायला हवं होतं. 'फरक' एवढा एक शब्द लिहून मी मोकळा झालो, आणि त्याच पत्रात टंचाईचं रडगाणं गायलो. तेव्हा दोष अर्धा माझा. पण राग येतो, खोटं कशाला बोलू.

एक वाट उरली आहे. नाल्यापलीकडे बळीराम गवळ्याचा गोठा आहे. त्याच्या गाई त्याच माळावर चरतात, त्याच गवतावर, त्याच पावसात, आणि कोंडाही तो घालतो. त्यांनी पुडीचा कणही खाल्लेला नाही. आता वाळल्या काडीचे दिवस आले, खरा फरक याच दिवसांत दिसतो. बळीरामच्या गाई मोज, तुझ्या मोज. मी पोतं पाठवतो. तुझ्या सगळ्या गाईंना पूर्ण मूठ दे. बळीरामला मात्र पूड देऊ नकोस आणि त्याला काही सांगूही नकोस. सांगितलं की तो मागेल, आणि मागितलं की तू देशील. मी तुला ओळखतो.

मार्चपर्यंत. साहेब येऊन डोळ्यांनी पाहीपर्यंत. हे एवढं माझ्यासाठी कर.

रत्नाकर

---

जबलपूर, ८ जानेवारी १९४४

चि. रत्नाकर यास आशीर्वाद.

पत्र मिळालं, पोतं मिळालं. माझ्या हातून तुझी इतकी वर्षांची मेहनत मातीत गेली असती, हे आता कळलं. मी कारखान्याच्या पाळ्यांच्या फळ्यावरून अक्षरं शिकलेली बाई. तूप सारखं वाढायचं एवढं एकच शास्त्र मला येतं, तेच आडवं आलं. तू म्हणतोस तसं करीन. तूही आता मनातला राग उतरव.

बळीरामकडे गेले. त्याला म्हटलं, सरकारला गाईंची मापं हवीत. तो म्हणाला, "क्यों बाई, फौज में भर्ती करेंगे क्या? हमारी कबरी तो दौड़ में फेल हो जाएगी." त्याची सून पुष्पा हसून हसून बेजार. माझ्याकडून सुतळी घेऊन त्याने स्वतःच एकेकीच्या छातीभोवती गुंडाळली. माझ्या गाई पाहायला परवा तो इकडे आला होता. नर्मदेच्या पाठीवर हात फिरवला आणि विचारलं, "क्या खिलाती हो?" मी म्हटलं, "नर्मदा मैया की कृपा." पहिल्यांदाच त्याच्याशी खोटं बोलले. माझ्या घरच्या दुखण्यात महिनाभर त्याने फुकट दूध घातलं होतं, तो हा बळीराम.

त्याच्या गाई वाळून राहिल्या आहेत. कबरी मागचा पाय ओढत चालते. माळावर चरायचं सोडून नाल्याकाठी हाड हुंगत फिरते. बळीराम तिला काठीने हाकलतो, लाज वाटते म्हणतो, गाईच्या जातीला हे शोभत नाही.

नेपियर टाउनचा ढोरांचा डॉक्टरही फौजेच्या खेचरांकडे गेला. दाखवावं म्हटलं तर कोणाला दाखवणार?

सुतळ्या पाठवते. दोन्ही जुड्या मीच बांधल्या, यात माझी दया कुठे नाही.

अंजनीमावशी

---

जबलपूर, ११ फेब्रुवारी १९४४

चि. रत्नाकर,

उलट टपालाने उत्तर दे.

कबरी बसली. पोटात वासरू आहे. उठवायला चौघं लागतात आणि उभी केली की पाय थरथरतात. बळीराम आज माझ्याकडे आला. पंगत चालू होती, तो ओट्यावर उकिडवा बसून राहिला, सगळे उठेपर्यंत. मग म्हणाला, "बाई, वो जो सफ़ेद खार आप देती हो, थोड़ा मुझे भी दे दो." कोणीतरी सांगितलं असणार, शकुनेच बहुतेक, भोळेपणाने. मी म्हटलं, "ख़तम हो गया." माझ्या पाठीमागच्या खोलीत अर्धं पोतं उभं होतं, मधे नुसता पडदा. तो "अच्छा" म्हणून गेला.

एका गाईला दिली तर काय बिघडतं? बाकीच्या तुझ्या साक्षीला आहेतच. ठेकेदाराची गाडी नाल्यापलीकडे दोनदा फिरून गेली. मला परवानगी दे.

अंजनीमावशी

---

नागपूर, १६ फेब्रुवारी १९४४

ती. मावशीस नमस्कार.

नाही.

कबरीच सगळ्यात जास्त खालावली आहे. साहेबांना दाखवायची ती तीच. तिला आता पूड दिली तर साहेब म्हणतील, इथेही तुमची मावशी होती. ढेप दे, कोंडा दे, तांदळाची पेज पाज, हवं ते दे. पूड देऊ नकोस. साहेबांचा दौरा ठरला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर येतो.

मी हे सहज लिहीत नाही. पण एका कबरीमागे सगळ्या जिल्ह्याच्या गाई उभ्या आहेत. थोडे दिवस हात आवर.

रत्नाकर

---

नागपूर, २० मार्च १९४४

ती. गं. भा. मावशीस शि. सा. नमस्कार.

मंजुरीचा कागद आज हातात पडला. पहिलं पत्र तुला.

साहेब परतीच्या प्रवासात फारसे बोलले नव्हते, म्हणून मी धास्तावलो होतो. पण अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे की एकाच माळावर चरणाऱ्या दोन कळपांतला असा फरक त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तुझ्या अंगणात गुडघे टेकून त्यांनी नर्मदेचे सांधे दाबून पाहिले, मग नाल्यापलीकडे जाऊन बळीरामच्या गाईंचे दाबले, ते तुला आठवत असेल. मझौली आणि शहपुरा, दोन्ही तहसिलींना पूड मिळणार. लढाई संपेपर्यंत हाडांचा ठरावीक वाटा गाईंसाठी राखून ठेवायचा, असा हुकूम आहे. बळीरामलाही आता खुशाल दे, पोती पाठवली आहेत.

मझौलीला आणखी एक प्रयोग मांडायचा आहे, मूठ केवढी असावी हे ठरवायला. तिथेही दोन ओळी लागतील. तू मदतीला येशील? तुझ्याइतकं चोख काम दुसरं कोणी करणार नाही, हे आता मी कोणासमोरही सांगेन.

एक विचारायचं राहिलं. बळीरामच्या गोठ्यात कबरी दिसली नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा बळीराम म्हणाला, शहपुऱ्याला त्याच्या सासुरवाडीला धाडली. तू तिथेच होतीस, काही न बोलता परत घरी निघून गेलीस. तब्येत बरी नव्हती का?

तुझा,
रत्नाकर

---

जबलपूर, २ एप्रिल १९४४

चि. रत्नाकर यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कष्टाचं चीज झालं. पत्र मी पंगतीत वाचून दाखवलं. मुरलीधर म्हणाला, "आता गाईंना रेशनकार्ड मिळणार." शकुने साखर वाटली, कुठून आणली कोण जाणे. तांबू गाभण आहे. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा आनंद आहे, तो खोटा समजू नकोस.

माझी तब्येत बरी होती. आता कबरीचं ऐक.

तुझं नकाराचं कार्ड आलं त्या दिवसापासून मी रोज तिला ढेप घेऊन जात होते. माझ्या गाईंचं आटोपून जायची. कबरी ढेपेला तोंड लावायची नाही, माझा हात चाटायची. बोटांना पूड लागलेली असायची ना. खरखरीत जीभ, बोटांच्या बेचक्यांतून फिरवायची. बळीराम म्हणायचा, "देखो, बाई को कितना मानती है." दुसऱ्या दिवसापासून मी हात धुऊन जायला लागले.

तुम्ही येण्याच्या आठवडाभर आधी ती उठेचना. बळीरामने तिला गोठ्यात मरू द्यायचं ठरवलं होतं. पण कातडी सोलायची वाट बघत कावळे छपरावर बसायला लागले, पुष्पा रडायला लागली, आणि तो खचला. ठेकेदाराच्या माणसांनी कबरीला फळीवर घालून गाडीत चढवली. मी माझ्या फाटकातून पाहिलं. गवळ्याने गाय ठेकेदाराला दिली, हे बिरादरीत कळलं तर त्याला तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून सासुरवाडीला धाडली असं त्याने सांगितलं. तुझ्या साहेबासमोर मी काय बोलणार होते?

पोती आली त्याच दिवशी मी एक बळीरामच्या दारी उतरवलं आणि त्याला सगळं सांगितलं. अगदी श्रावणापासून, काही न ठेवता. त्याने पोत्यात हात घातला, चिमूट डोळ्यांजवळ नेली.

"ये है क्या चीज़?"

"हड्डी की राख."

मला वाटलं थुंकेल, पोतं लाथेने उडवील. तो चिमूट बघत राहिला. "मतलब कबरी ठीक ही ढूँढ रही थी," म्हणाला. "मैं उसे लाठी मारता था."

मग विचारलं, "उस दिन जब मैं आया था, तब थी आपके पास?"

"थी. परदे के पीछे."

मी दोष तुझ्यावर ढकलला नाही. साहेबावर ढकलला नाही. जिल्ह्यातल्या गाईंचं सांगितलं, कारण ते त्याला कळायला हवं होतं. त्याने ऐकून घेतलं. पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, घट्ट. आणि म्हणाला, "पूछ लेतीं बाई. शायद हाँ कह देता. शायद ना कहता. पर पूछ तो लेतीं."

पोतं ठेवून घेतलं त्याने. त्याच्या गाई आता खातात, काल पाहून आले, एकीचं लंगडणं कमी आहे. दूध खानावळीला येतं, पण घेऊन पुष्पा येते. तो ओट्यावर येत नाही. मी बोलावलं नाही. कोणत्या तोंडाने बोलावू?

तू म्हणशील, मावशी, एका गाईवर अडून राहू नकोस. नाही राहिले. हिशोब मला समजला, तुझा दावा खरा ठरला, आणि डावी ओळ नसती तर तो ठरला नसता हेही समजलं. तुला मी दोष देत नाही. हात माझाच होता, तू नागपूरला होतास. पण आपण दोघांनी मिळून एक चूक केली, आणि ती पुडीची नव्हती. ज्याच्या पानात वाढायचं नाही त्याला आपण जेवायला बोलावलंय एवढंच सांगितलं. पान रिकामं का राहणार, ते त्याला विचारून ठरवलं नाही.

मझौलीला मी येते. खानावळ शकु सांभाळील, तिला हात आला आहे. पण पोत्यांच्या आधी मला तिथे जायचंय. डाव्या ओळीत ज्यांच्या गाई बांधायच्या त्यांच्या घरी मी आधी बसेन आणि सांगेन की तुमच्या गाईला एवढे महिने कमी मिळणार, का मिळणार, आणि त्यात ती खचू शकते. खचायला लागली की मी त्याच दिवशी तिला ओळीतून काढून पूर्ण मूठ देईन, तुला न विचारता. ती तू तुझ्या मापातून वगळ. हे कबूल असेल तर तिकीट काढते.

कोणी नाही म्हणालं तर त्याच्या गाईला सोडून दुसरी शोधू. सगळेच नाही म्हणाले तर काय, असं तू विचारशील. तर मग चहा करू, सगळ्यांना सारखा, आणि पुन्हा विचारू.

तुझी,
अंजनीमावशी